सॅकमधलं स्वयंपाकघर

पाच दिवस, चार गड, मुश्किलीने मिळालेली रजा आणि पाठीवर बारा-तेरा किलो. सिंहगड ते रायगड चालायचं, तर पायांइतकंच पोटाचंही प्लॅनिंग लागतं!

ट्रेक ठरला की ग्रुपमध्ये पहिली चर्चा होते शूजची. मग सॅकची, मग कॅमेऱ्याची, मग परतीच्या गाडीची. खाण्याचा विषय निघतो थेट आदल्या रात्री, आणि तोही असा : ‘मी चिवडा आणतो, तू थेपले आण, बाकी मॅगी आहेच!’ रविवारच्या लोहगडाला हे खपून जातं. संध्याकाळी घरी येऊन वरण-भातावर ताव मारता येतो. पण सिंहगड-राजगड-तोरणा-रायगड अशी सलग वाट पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालायची असेल, तर या फॉर्म्युल्याची हवा तिसऱ्या दिवशी निघते.

ही वाट सह्याद्रीतल्या भटक्यांची लाडकी. सिंहगडाच्या कल्याण दरवाजातून उतरायचं, विंझरच्या बाजूने राजगड गाठायचा, संजीवनी माचीवरून डोंगरधारेने तोरण्याची बुधला माची. तिथून हारपुड, मोहरी, मग सिंगापूर नाळेने कोकणात दापोली आणि समोर रायगड. (ही दापोली रायगडाजवळची छोटी, रत्नागिरीतली नव्हे. आमच्यातल्या एकाने ‘मग मुरूडच्या बीचवर जाऊ’ असं जाहीर केलं होतं!) पाच दिवस धरायचे. तोरण्यानंतर धड दुकान लागत नाही आणि मधूनच ‘चलो, घरी’ म्हणून एसटी पकडणंही सोपं नाही. म्हणजे सॅकमध्ये जे आहे, तेच पोटात जाणार.

आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये किचन खातं माझ्याकडे आहे. कारण साधं आहे, ऑफिसात दिवसभर एक्सेल शीट भरणाऱ्या माणसाला आणखी एक शीट जड नाही.

काटा काय म्हणतो?

सुरुवात मेन्यूपासून करायची नाही, वजनापासून करायची. सॅकचं वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास ठेवावं, फार तर चौथ्या. म्हणजे साठ किलोच्या माणसाने बारा ते पंधरा किलो. त्यात तंबूतला आपला वाटा, स्लीपिंग बॅग, कपडे, भांडी, औषधं मिळून सात-आठ किलो सहज होतात. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो. उरतात जेमतेम तीन-साडेतीन किलो. पाच दिवसांनी भागा, माणशी रोज साडेसहाशे ग्रॅम.

आता दुसरी बाजू. दिवसाला सात-आठ तास चढउतार करायची तर अडीच ते तीन हजार कॅलरीज हव्यातच. साडेसहाशे ग्रॅममध्ये त्या बसवायच्या, तर शंभर ग्रॅममागे निदान चारशे कॅलरीज पडल्या पाहिजेत. या एका आकड्याने अर्धा मेन्यू आपोआप ठरतो. शेंगदाणे शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर, बदामही तसेच. साजूक तूप नऊशेच्या घरात. गूळ पावणेचारशेच्या आसपास, रवा-तांदूळ-डाळी साडेतीनशेच्या. आणि उकडलेला बटाटा? ऐंशी! काकडी तर पंधरा. काकडी वाहून नेणं म्हणजे हिरव्या सालीतलं पाणी वाहून नेणं. पहिल्या दिवशी दुपारी खायला खुशाल घ्या, तिसऱ्या दिवसासाठी नको.

याच हिशेबात रेडी-टू-ईट पाकिटंही मार खातात. जवानांसाठी टिकाऊ अन्न बनवणाऱ्या म्हैसूरच्या डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरीने (स्थापना १९६१) या पाकिटांच्या तंत्रावर मोठं काम केलं. आज किराणा दुकानात मिळणाऱ्या दाल मखनीच्या पाकिटामागे ती मेहनत आहे, त्यामुळे त्यांना नावं ठेवायची नाहीत. महिनोन् महिने फ्रिजशिवाय टिकतं हे कौतुकाचंच आहे. पण तीनशे ग्रॅमच्या त्या पाकिटात बहुतेक पाणीच असतं. चौघांची चार जेवणं अशी नेली की पाच किलो झाले! गाडी जाते तिथपर्यंत ठीक, बुधला माचीवर नाही.

मॅगीचं काय? २०१५मध्ये ती काही महिने बाजारातून गायब झाली होती, तेव्हा आमच्यात अक्षरशः सुतकी कळा पसरली होती, त्यामुळे जपून बोलतो. सत्तर ग्रॅमच्या पाकिटात तीनशेच्या आसपास कॅलरीज, म्हणजे वजनाच्या मानाने ठीकठाक. पण दिवसभर चालून आलेल्या माणसाला एक पाकीट म्हणजे नुसतं आचमन. शिवाय जागा खाते आणि सॅकमध्ये तिचा भुगा होतो. मी चौघांत मिळून एकाच संध्याकाळची नेतो. मूडसाठी!

आजीचं फडताळ उघडा

परदेशी बॅकपॅकर्स फ्रीझ-ड्राय केलेली जेवणं नेतात. गरम पाणी ओतलं की दहा मिनिटांत पास्ता तयार. एकदम कूल, आणि खिशाला तितकंच गरम. पण जरा विचार करा, पाणी काढून टाकलेलं, हलकं, टिकाऊ, झटपट शिजणारं अन्न ही आयडिया आपल्याला नवी कधी होती? उन्हाळ्यात गच्चीवर सांडगे वाळत घालणाऱ्या बायकांना हा फंडा पाठ होता.

माझ्या यादीतला हीरो आहे कुळथाचं पीठ. फोडणीत पाणी, उकळी, वर पीठ आणि दोन आमसुलं. सात-आठ मिनिटांत पिठी तयार, भाताबरोबर ओरपायची. थंडीत राजगडाच्या पायथ्याशी हे रसायन पोटात गेलं की दिवसभराचा शिणवटा उतरतो. दुसरा मान मेतकुटाचा. गुरगुट्या भात, मेतकूट, तूप, आणि ज्याला कोणाला आईची आठवण येणार असेल त्याला येऊ द्या. तिसरे पातळ पोहे. दडपे पोहे करायला स्टोव्ह पेटवावाच लागत नाही! पोह्यांवर पाण्याचा हबका, मीठ, तिखट, लिंबू, घरूनच करून आणलेली फोडणी आणि मूठभर दाणे. दहा मिनिटं झाकून ठेवायचं. डोंगरधारेवर भर वाऱ्यात दुपारचं जेवण करायचं तर याला तोड नाही.

उपम्याचा रवा घरी तुपावर खमंग भाजून, त्यात मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, उडदाची डाळ, मीठ, साखर सगळं मिसळून माणशी ऐंशी ग्रॅमचे पुडे करतो. सकाळी फक्त उकळतं पाणी. खिचडीचे पुडेही तसेच, माणशी ऐंशी ग्रॅम तांदूळ, चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम मुगाची डाळ, मसाला आणि मूठभर सोया वड्या. सोया वड्यांच्या नावाने नाकं मुरडली जातात, मला माहीत आहे. पण त्यांच्या वजनातलं निम्मं प्रोटीनच असतं आणि पाच दिवस पायांची झीज भरून काढायला ते लागतं. ज्यांच्याकडे चालतं त्यांनी भाजलेल्या सुकटीची चटणी न्यावी. तिच्याइतकं हलकं आणि चवदार प्रोटीन शोधून सापडणार नाही. फक्त डबा घट्ट झाकणाचा हवा, नाहीतर तंबूतून तुम्हाला बाहेर काढतील.

पोळ्यांच्या बाबतीत थोडं शास्त्र आहे. पाण्यात भिजवलेली पोळी दुसऱ्या दिवशी वातड होते आणि उकाडा असेल तर तिला वासही येतो. दुधात भिजवलेली दशमी दोन दिवस छान राहते. गूळपोळी त्याहून टिकाऊ. तीळ, गूळ, खसखस, पाणी जवळजवळ नाहीच, त्यामुळे आठवडाभर चिंता नाही. संक्रांतीनंतरच्या ट्रेकला आई गूळपोळ्यांचा गठ्ठा देते, तेव्हा मी डाएटविषयी चकार शब्द काढत नाही. चौथ्या-पाचव्या दिवसासाठी खाकरे. दिसायला नाजूक, पण चपट्या स्टीलच्या डब्यात बसतात.

चिवडा आणि भडंग मात्र कटाप. चव अप्रतिम, पण पिशवीत निम्मी हवा. चालताना तोंडात टाकायला गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर, डिंकाचा लाडू. थंडीत डिंकाचा लाडू म्हणजे खिशातला पॉवर हाउस!

मेन्यू ठरवतं पाणी

कोरडं अन्न हलकं असतं, कारण पाणी तुम्ही नंतर घालणार असता. ते पाणी तिथे असलं तर! जानेवारीत राजगडावरच्या टाक्यांत पाणी असतं, पण पुढे डोंगरधारेवर उन्हं तापली की वाटेत थेंब मिळेलच याचा भरवसा नाही. म्हणून माझ्या शीटमध्ये दिवस, अंतर आणि जेवण यांच्याशेजारी ‘पाणी कुठे’ असा एक रकाना असतो. पाणी असेल तिथे रात्रीचा मुक्काम आणि खिचडी-भात. पाणी नाही तिथे दुपारचं जेवण, म्हणजे दशमी, दाण्याची चटणी, गूळपोळी. कमी खात्रीच्या टप्प्याआधी मुक्कामावरूनच चार लिटर भरून निघायचं आणि वाढलेला किलो सहन करायचा. टाक्यातलं पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच. पोट बिघडलं, तर सगळा मेन्यू शोभेचा.

इंधनाचंही तेच. चौघांचा दोन वेळचा चहा, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलं तर रोज चार-साडेचार लिटर पाणी उकळावं लागतं. बिनवाऱ्याच्या जागी दोनशे तीस ग्रॅमच्या गॅस कॅनिस्टरमध्ये साधारण बारा लिटर उकळतं. म्हणजे पाच दिवसांना दोन कॅनिस्टर, तेही काटकसरीने. काटकसर म्हणजे काय? मुक्कामाला पोचल्या पोचल्या डाळ-तांदूळ भिजत घालायचे आणि मग तंबू लावायला घ्यायचे. खिचडीला सात-आठ मिनिटं सणसणीत उकळी आली की पातेलं झाकण लावून खाली उतरवायचं आणि टॉवेल, जॅकेट, जे असेल त्यात गुंडाळून अर्धा तास विसरून जायचं. बाकीचं काम आतली वाफ करते. कुकर न्यायची गरज नाही. तोरणा साडेचार हजार फुटांच्या थोडा वर, तिथे पाणी पंच्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं, डाळ शिजते.

हिमालयात चार हजार मीटरवर हाच आकडा सत्त्याऐंशीच्या खाली येतो आणि तुरीची डाळ तासभर खदखदूनही टणटणीत राहते. तिथे कुकर तरी न्या, नाहीतर डाळीऐवजी नुसतं पीठ. आणि हो, गॅस कॅनिस्टर विमानात चालत नाही, रेल्वेतही नाही. पोचल्यावर तिथेच विकत घ्यायचा.

चूल पेटवू का, असं कोणी ना कोणी विचारतंच. गडावर नाही. वाळलेल्या गवतात एक ठिणगी पुरते, आणि देवळाच्या दगडांवरची काजळी पुढची कित्येक वर्षं जात नाही. (गडावरच्या मुक्कामाचे नियमही बदलत असतात, निघण्याआधी विचारून घ्या. जेवणाचा हिशेब मुक्कामावरच उभा असतो.)

‘वाटेत मिळेल की!’

एवढा कुटाणा कशाला, वाटेत वस्त्या आहेत, कुठेही पिठलं-भाकरी मिळते, असं म्हणणारे बरेच भेटतात. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका मोठ्या ग्रुपबरोबर याच पट्ट्यात गेलो होतो. लीडरचं म्हणणं हेच होतं, सामान कमी, पाय हलके. मार्च महिना होता. आम्ही बाराजण दिवेलागणीला एका चार घरांच्या वस्तीत पोचलो. लीडरने पहिल्याच घरात हाक दिली, ‘मावशी, जेवायला मिळंल का?’

मावशींनी आमच्याकडे एकदा नजर फिरवली. ‘बसा की पोरांनो,’ म्हणाल्या आणि परातीत पीठ घेतलं. भाकऱ्या थापता थापता डब्याचा तळ लागला, तो डबा उपडा करून झटकल्याचा आवाज आम्ही बाहेर ओसरीवर ऐकला. आम्हाला भाकरी, पिठलं, कांदा सगळं मिळालं. घरातली दोन पोरं दाराच्या आडून बघत होती. त्यांनी नंतर काय खाल्लं ते मला माहीत नाही. विचारायचा धीर कोणालाच झाला नाही. सकाळी कळलं की दळायची गिरणी खालच्या गावात आहे आणि घरधनी तांबडं फुटायच्या आत धान्याची पिशवी डोक्यावर घेऊन निघून गेलाय. पाणी तर मावशी स्वतःच दोन हंडे लांबून आणत होत्या, त्यातलाच एक आम्ही संपवला होता. पैसे द्यायला लागलो तर त्या म्हणाल्या, ‘जेवणाचं कुठं पैसं घेत्यात व्हय?’ शेवटी पोरांच्या हातात कोंबले.

तेव्हापासून माझ्या शीटमध्ये गावातलं जेवण ‘हिशेबाबाहेर’ असतं. माणशी पाच दिवसांचा शिधा पूर्ण पाठीवर. आता या भागात अनेक घरांतून ट्रेकर्ससाठी जेवणाची सोय करतात, त्यांचा तो चांगला व्यवसायही झालाय. तिथे जरूर जेवा! पण आदल्या दिवशी फोन करून, माणसं किती ते सांगून, ठरलेले पैसे देऊन. अचानक बाराजणांनी दारात उभं राहणं वेगळं. सुरुवातीचं आणि शेवटचं जेवण तर मी मुद्दामच विकत घेतो. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही न खाता पुढे जाणं हा गुन्हा आहे. रायगडाच्या पायथ्याला पाचाडमध्ये खानावळी आहेत. तेवढी दोन जेवणं पाठीवरून कमी.

पुडे, पिशव्या आणि राजकारण

निघायच्या आदल्या शनिवारी चौघं माझ्या हॉलमध्ये जमतो. मध्ये स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा. खोकी, बाहेरची वेष्टनं, सगळं घरीच काढून टाकायचं. जे घरी टाकाल ते गडावर पडणार नाही. मग दिवसावार पिशव्या. प्रत्येक पिशवीवर मार्करने ‘दिवस १’, ‘दिवस २’. तिसऱ्या दिवशीची पिशवी दुसऱ्या दिवशी उघडायची नाही, हा कायदा. तो नसेल तर सगळे काजू राजगडावरच संपतात. अनुभव आहे, नाव सांगत नाही, तो बँकेत आहे.

वाटणी करताना एक पथ्य. कुठलीही एक वस्तू पूर्णपणे एकाच्याच सॅकमध्ये नको. कोणाचा पाय मुरगळून तो वेल्ह्यातून परत फिरला, तर त्याच्याबरोबर ग्रुपचं सगळं मीठ जायला नको! मीठ, काडेपेटी, चहा दोन-दोन ठिकाणी. जड जिन्नस सॅकच्या मध्यावर, पाठीला लागून. त्या दिवशीचं दुपारचं जेवण वरच्या कप्प्यात. तूप आणि लोणचं फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, बरणी पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत. लोणच्याचं तेल स्लीपिंग बॅगला लागलं, तर पुढची तीन वर्षं तुम्ही कैरीच्या वासात झोपता. देवळात किंवा गुहेत पथारी पसरली, तर खाण्याच्या पिशव्या दोरीला टांगायच्या, उंदीर खालून बघत बसतात.

राहिला प्रश्न ते खाण्याचा. हसू नका, सोबत असूनही न खाणारे लोक असतात. मागच्या खेपेला सिंगापूर नाळ उतरताना आमची मैत्रीण अकराच्या सुमारास एकदम खाली बसली. हात थरथरत होते, पुढचा दगड दिसत होता पण पाय टाकता येत नव्हता. नाळ म्हणजे उभा दगडधोंड्यांचा उतार. तिथे तोल जाणं म्हणजे थेट हाडांवर बेतणं. खिशात अख्खी चिक्की होती, ‘पुढे लागेल’ म्हणून तिने सकाळपासून तोडलीच नव्हती. गूळ, मीठ-साखरेचं पाणी, चिक्की असं सगळं पोटात गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी ती उठली आणि मग आम्ही तिची सॅक वाटून घेऊन उतरलो. चढउताराच्या कामात अंगात साठवलेली साखर काही तासांत उतरणीला लागते, आणि भूक लागल्याचं कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आता दर तासाला मी सगळ्यांना खिशात हात घालायला लावतो. कटकट करतो असं ते म्हणतात. म्हणू देत.

एक पुडा कधीच उघडत नाही. अर्धा किलो गूळ-शेंगदाणे, माणशी एक जेवण भरेल इतके पोहे, ओआरएसची दोन पाकिटं. वाट चुकलो, कोणी आजारी पडलं, एक रात्र जास्त काढावी लागली, तरच. पाचाडला पोचेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

घरी परतल्यावर सॅक धुवायच्या आधी शीटचा शेवटचा रकाना भरतो, ‘काय परत आलं?’ गेल्या खेपेला आलं अर्धा पाकीट खजूर, दोन खाकरे (भुगा), सूपची तीन पाकिटं, आणि एक पिशवी भरून कचरा, वजन साडेतीनशे ग्रॅम. सूप पुढच्या यादीतून गेलं. लिंबाचं लोणचं तिसऱ्याच दिवशी संपलं होतं, ते आता दुप्पट.